तांबड्याला एक गाठ

— नको, नको, दोरी ओढू नकोस अजून. ठेव ते मशीन खाली. अरे बाबा, साठ झाडं आहेत, पळून जातायत का कुठे? तुझी करवत काय, दुपारपर्यंत सगळं साफ करेल, मला माहीत आहे. आमच्या वेळी एक झाड पाडायला दोन माणसं आणि अख्खी सकाळ लागायची, तेवढ्यात कुणाचं मन बदलायचं असलं तर बदलायला वेळ तरी मिळायचा. बस इथे, पाटाच्या कडेला. फ्लास्कमध्ये चहा आहे. हा घे साखरेचा खडा, दाढेत धर आणि पी. तूरान खानम येईपर्यंत थांब, एवढंच म्हणतोय. बाग त्यांची, मान्य. तुला त्यांनीच बोलावलंय, तेही मान्य. दाढ काढायला सामान शहरात गेल्यात, अकराच्या मिनीबसनं येतील. मी कोण? मी मश्दी सफर. ह्या झाडांवर कलमाचे डोळे मी भरलेत — तीन वर्षांपूर्वी, ह्या हातांनी, ह्या सुरीनं. म्हणजे तू ज्या साठ गुन्हेगारांना फाशी द्यायला आलास ना, त्यांचा बाप मीच.

हसलास. बरं झालं. हसणारा माणूस लगेच करवत उचलत नाही. नाव काय तुझं? अलीमर्दान. आणि गाव? — बेन. हं. बेनचा म्हणजे इथून काय, डोंगर ओलांडला की पलीकडे. बेनमध्ये तो हबीब, रोटीच्या भट्टीवाला... ओळखतोस? नाही, सहज विचारलं. चांगली रोटी करतो. जाऊ दे. हा धर, हा पीच खा आधी. ह्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या झाडाचा आहे, आज सकाळी तोडला. थांब, वास घेऊ दे मला... हं, झालाय. देठाजवळ नाक लाव, अस्सं. अंगठा दाबू नकोस, दाबलास की डाग पडतो. नुसता टेकव. लोक वेडे असतात, गाल बघून पीच घेतात, गालावर रंग चढला की झाला म्हणे! रंग कसला, रंग उन्हानं चढतो, पिकण्यानं नाही. वास खोटं बोलत नाही. अख्ख्या नदीकाठी विचार तू, मश्दी सफर डोळे मिटून पीच सांगतो असं म्हणतील. व्यापाऱ्यांनी पैजा लावल्यात माझ्यावर. एकदा तर डोळ्यांवर फडकं बांधून अकरा जाती ओळखल्या मी, सिज़्देबेदरच्या, नवरोजच्या तेराव्या दिवसाच्या सहलीला सुकवलेल्या फोडींवरून. नुसत्या वासावरून, बरं का.

कसा आहे? पाणचट? असणारच. ही बहारी. उन्हाळ्याच्या तोंडाला खोर्दाद महिना लागला की सगळ्यात आधी ही येते. पाणचट, बाठेला चिकटून बसलेली, दोन दिवसांत मऊ पडते, पण पहिली आली म्हणून तिचं कौतुक. हिवाळाभर फळ न चाखलेल्या माणसाला कडू काकडीसुद्धा गोड लागते. मग पुढचा महिना, तीर लागला की शलील — टकले पीच, बिनलवेचे. शहरातल्यांना तेच आवडतात, लवेनं गळा खाजतो म्हणतात. त्यात शबरंग म्हणून एक आहे, काळपट, म्हणजे लोक काळपट म्हणतात. खाल्लास तर मनगटापर्यंत रस येतो. मग मोर्दाद. मोर्दाद म्हणजे पीचचं राज्य! अल्बर्ता घे, दोन बोटांनी उघडली की बाठ खळकन बाहेर. अंजिरी घे, चपटी, कुणी वर बसून गेल्यासारखी, पण गोडीला तिच्यापुढे कुणी नाही. आणि मोर्दाद सरता सरता, शहरिवरच्या तोंडावर, जाफरानी. घट्ट. पेटीत आठ दिवस ठेव, इस्फहानच काय, दक्षिणेला बंदरापर्यंत ने, चेपत नाही. मेहरमध्ये शेवटची पानगळीची येते, खाताना दात शिवशिवतात, ती घरच्यासाठी. बघ, एका फळाचे पाच महिने. माणसाला फक्त कोण कधी येणार ते माहीत हवं. तेवढंच माहीत हवं रे. ते चुकलं की मग...

आता बघ वर. ही झाडं बघ. लगडलीत की नाही? हात लाव, दगड. हिरवे दगड. खोर्दाद संपत आला, आणि तूरान खानमनी सांगितली होती बहारी. त्यांच्या वाट्याला पाटाचं पाणी खोर्दादपर्यंतच येतं, पुढे नदीच आटते तर पाट कुठून भरणार. म्हणून त्यांना लवकरची हवी होती, पाणी आहे तोवर फळ हातात. हिशेब साधा, बाईमाणूस एकटी, शहाणी. आणि पंधरा खोर्दादला व्यापाऱ्याची पिकअप आली, रिकामी आली तशी रिकामी गेली. पण म्हणून झाडं वाईट का? सांग तू. ही साठच्या साठ जाफरानी आहेत. एक जात, एक वेळ. अजून साठ दिवस धीर धरला तर एका आठवड्यात सगळी बाग हातात देतील. दोन महिने. बाईच्या पोटात मूल सुद्धा नऊ महिने थांबतं.

कशावरून म्हणजे? मी सांगतोय म्हणून. — नाही, तुझंही बरोबर आहे. बरं, हे बघ. एकही चपटं आहे का? नाही. म्हणजे अंजिरी नाही. एकही टकलं आहे का? नाही. म्हणजे शलील नाही. सरमिसळ असती तर निदान... गोल आणि लवेच्याही वीस जाती आहेत, हो. ते मला शिकवतोस? तू लाकडं कापणारा, मी पन्नास वर्षं — माफ कर. माफ कर, भाऊ. चहा घे अजून. तूरान खानमही हेच म्हणाल्या. म्हणाल्या, मश्दी, सरमिसळ झालीय हे तुम्हीच सांगितलंत. आज हे झाड पिकेल, महिन्यानं ते, मग पुढचं. दोन-दोन पेट्यांसाठी कोण व्यापारी येईल आणि पाणी कुठून देऊ? त्यापेक्षा बदाम लावते, बदामाला घोटभर पाणी पुरतं. काय चुकीचं बोलल्या? काहीच नाही. सरमिसळ असेल तर तोडायलाच हवीत. सरमिसळ नाहीच, हे मी ओरडून सांगतोय, पण सांगायचं कसं...

हो, मीच सांगितलं सरमिसळ म्हणून. मशिदीच्या ओट्यासमोर, सगळ्या गावादेखत. पिकअप गेल्यावर सगळे माझ्याभोवती जमले. मी म्हटलं, कलमाच्या काड्या सुनेनं बांधल्या होत्या, तिनं मिसळल्या. संपलं. एवढं एक वाक्य. तुला काय करायचंय त्याचं? तू आपला चहा पी. ऊन बघ कसं चढलंय. — कुठे निघालास? काय शोधतोस? पेट्रोलचा डबा? मी कशाला पाहीन तुझा डबा! मी इथे बसलोय सकाळपासून, माझ्या गुडघ्यांना... नाही, माझ्यामागे काही नाही. अरे, झगा ओढू नकोस! बरं, आहे. घे. मीच लपवला. म्हाताऱ्यानं चोरी केली, जा सांग जाऊन. पण आता पेट्रोल नाही तर मशीन नाही, मशीन नाही तर — काय? हा पेट्रोलचा नाही? हे तुझं प्यायचं पाणी?

असं बघू नकोस माझ्याकडे. घाईत उचलला रे. तू लघवीला गेलास तेवढ्यात. वास? वासानं कळायला हवं होतं, हो, पण तुझ्या त्या मशीनच्या आसपास सगळ्यालाच पेट्रोलचा वास येतो, डब्याला, दोरीला, तुला. पेट्रोलचा तो तिकडे, तुझ्या पायाशी, तसाच उघड्यावर. तो तांबडा. आणि मी लपवला तो हिरवा. हो ना? मला काय विचारतोस, तूच सांग. मला... नाही. पुन्हा नको विचारूस. विचारलंस? मग ऐक. ऐकून विसरून जा. बेनला जाऊन एक शब्द जरी बोललास तर मी म्हणेन हा बेनवाला खोटारडा आहे, आणि माझ्यावर विश्वास ठेवतील. इथे अजून माझ्या शब्दाला किंमत आहे, तीच तर सगळी भानगड आहे.

मला तांबडं आणि हिरवं कळत नाही. झालं. निघालं तोंडातून. जन्मापासून नाही कळत. दोन्ही मला ओल्या मातीसारखी दिसतात. लहानपणी वाटायचं, सगळ्यांनाच तसं दिसतं, लोक उगाच दोन नावं घेतात. मग कळलं की लोकांना खरंच दोन दिसतात. आता बागवानाचं पोर मी, पीचच्या बागेत तांबडं न दिसणारं पोर! बापाला कळलं असतं तर शेळ्यांमागे पाठवलं असतं. म्हणून नाक धरलं. अंगठा धरला. पानाच्या बुडाशी दोन बारीक दाणे असतात बघ, काहींचे गोल, काहींचे राजम्यासारखे. डोळे मिटून नखानं चाचपून जात सांगायला शिकलो. आणि लोक म्हणायला लागले, काय उस्ताद आहे, बघतसुद्धा नाही! बघून काय करू? उघडे असले काय, मिटले काय.

एकाच माणसाला कळलं होतं. गोलअंदामला — माझ्या बायकोला. लग्नाला वीस दिवस झाले असतील. ती मागावर बसली होती, गालिचा विणत होती, म्हणाली, तो लोकरीचा तांबडा गुंडा द्या. मी दिला. ती खो खो हसली, म्हणाली, चेष्टा करता होय, हा हिरवा. मी दुसरा दिला. तोही हिरवाच निघाला. मग ती हसायची थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. उठली, स्वतः गुंडा घेतला आणि विणत बसली. त्या शहरिवरला डोळे भरायचा हंगाम आला, मी काड्या छाटल्या, तिनं जातवार जुड्या बांधून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. नर्सरीवाले रंगीत लोकर बांधतात, तिनंही रंगीतच बांधली, लोकांना दिसायला. पण धाग्याला गाठी मारल्या. एक गाठ — खोर्दाद. दोन — तीर. तीन — मोर्दाद. चार — शहरिवर. मी जुडी हातात घेतली, अंगठा फिरवला, आणि समजलो. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एक्केचाळीस वर्षं, भाऊ. एक्केचाळीस वर्षं त्या बाईनं गाठी मारल्या आणि एकदाही, भांडणातसुद्धा एकदाही म्हणाली नाही की तुम्हाला दिसत नाही. भांडायची हं चिक्कार! जेवणात मीठ नसलं तर ते माझ्यामुळे. पण हे नाही. भांडताना माणसाच्या तोंडून काय काय निघतं, तिच्या तोंडून हे निघालं नाही.

मग ती गेली. तीन वर्षं झाली, वसंतात. चाळिसाव्या दिवसाचा विधी होऊन थोडेच महिने झाले होते, माझं कशात लक्ष नव्हतं. शहरिवर आला. ही बाग ठरलेली होती. माहरुख म्हणाली, बाबा, काड्या मी बांधते, तुम्ही फक्त डोळे भरा. माहरुख माझी सून, माझ्या एस्कंदरची बायको. हबीब रोटीवाल्याची लेक. हो, तोच हबीब. कळलं ना मघाशी का विचारलं? तिला सुरी धरायला मीच शिकवलं. असा हात नाही रे कुणाचा. साल उचलते तर आतल्या लाकडाला ओरखडा नाही. तिनं दोन जुड्या आणल्या, एक इथे भरायला बहारीची, एक मला घरच्या दोन झाडांसाठी जाफरानीची. ह्याच पाटाजवळ उभी राहून म्हणाली, बाबा, तांबडा धागा खोर्दादचा, हिरवा शेवटचा. मी मान हलवली. ती रोट्या आणायला गेली. मी जुडी घेतली, अंगठा फिरवला, एक गाठ. दुसरी घेतली, तिलाही एक गाठ. बांधायचा धागा म्हणजे एक गाठ तर मारावीच लागते! पानं छाटलेली, नुसते देठ उरलेले, दाणे कुठे चाचपणार? कोवळ्या काडीला फळाचा वास कुठला? बसलो दोन्ही हातांत दोन जुड्या घेऊन. हाक मारायची होती नुसती. माहरुख, पोरी, तांबडा कोणता गं? एवढंच. रस्त्यापर्यंतही गेली नव्हती. पाठ दिसत होती तिची.

नाही मारली हाक. सासऱ्यानं सुनेला विचारायचं, तांबडा कोणता? पन्नास वर्षांचा उस्ताद! मी एक उचलली. म्हटलं, देवा, तुला दिसतंय ना, मग बघ. साठ झाडं भरली त्या एका जुडीनं. फक्त त्या एकाच जुडीनं, कळतंय का तुला? सरमिसळ झालीच नाही! माझ्या घरची ती दोन झाडं ह्या खोर्दादच्या दुसऱ्या आठवड्यात पिकली, तू आत्ता खाल्लास ना तो बहारी, कोपऱ्यातल्या झाडाचा नाही, माझ्या अंगणातला. खोटं बोललो. आणि तिथे बहारी, तर इथे जाफरानी, साठच्या साठ, शपथेवर. मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे. पण हे सांगायचं तर ते सांगावं लागतं. धागे बरोबर होते, पोरगी बरोबर होती, म्हातारा आंधळा होता. मग ह्या नदीकाठी कोण माझ्या हाती झाड देईल? आजवर भरलेली हजारो झाडं लोक मोजायला बसतील, ह्यातलं काय चुकलंय म्हणून.

म्हणून ओट्यावर ते वाक्य बोललो. ती तिथेच होती, रोट्यांचं बोचकं घेऊन. म्हणाली, बाबा, मी सांगितलं होतं तुम्हाला. हळू म्हणाली. मी म्हटलं, गप्प बस. लोकांसमोर. गप्प बस म्हटलं. तिनं बोचकं ओट्यावर ठेवलं आणि त्याच संध्याकाळी छोटीला, माझ्या नातीला, घेऊन बेनला गेली. एस्कंदर माझ्याशी बोलत नाही. अंडी उकडतो, अर्धी माझ्यापुढे ठेवतो, बोलत नाही. तू पाहिलंस तिला? कशी आहे? — भट्टीवर कणीक मळते? आणि कलमं? — कुणीच बोलवत नाही. काय म्हणतात तिला? बेनमध्येही म्हणतात? "काड्या मिसळणारी"? ... असं म्हणतात तोंडावर?

दे ते पाणी. हिरव्यातलं दे.

तुझी पोरं आहेत? मग तूच सांग, मी काय करू? नाही, सांगू नकोस. मला माहीत आहे काय करायचं ते, पंधरा दिवस रोज पहाटे ठरवतो आणि नाश्त्यापर्यंत मोडतं. तू एक कर, असं दगडासारखं बसून राहू नकोस, शिव्या दे मला. कुणीतरी दे. आणि पाण्याचं म्हणशील तर त्याचीही सोय आहे. माझी विहिरीवर पाळी आहे, दर आठव्या दिवशी, शहरिवरपर्यंत. ती ह्या झाडांना देतो. माझ्या बदामांचं काय? वाळतील. वाळू देत. एस्कंदर काय म्हणायचं ते म्हणेल, निदान बोलेल तरी. झाडं वाचली तर मोर्दादच्या शेवटी ह्या बाईच्या हातात अशी जाफरानी पडेल की... पण त्यांनी पाणी घालायला त्यांना कळायला हवं की ही एकच जात आहे. आणि ते कळायला... हो रे, हो. फिरून फिरून तिथेच येतो. बैलासारखा.

ती बघ मिनीबस. ऐकू आली? आल्या. त्याच, तोंडाला ओढणीचा पदर धरलाय, दाढ काढली वाटतं. आता तू काही बोलू नकोस हं. मी म्हणेन, पीचच्या जाती सांगत होतो तुला. हसेन आणि उठेन आणि घरी जाईन. तू दोरी ओढ. मी लांब गेलो की ओढ, मला आवाज येता कामा नये. — काय बघतोस? जा ना, उचल मशीन. उचल म्हणतो! ... नको. थांब. थांब, बाबा, हात धर माझा, गुडघा अडकलाय. उभं कर मला.

सलाम, तूरान खानम. दुखतंय फार? बोलू नका, नुसतं ऐका. ह्याला मीच थांबवलंय, त्याचा दोष नाही. माझ्या खिशात तीन वर्षं हे दोन धागे आहेत, त्या जुड्यांचे. फेकवले नाहीत. हे बघा, हातात घ्या. यातला तांबडा कोणता, तेवढं सांगा मला. — नाही, चेष्टा नाही. खरंच विचारतोय. मला दिसत नाही, तूरान खानम. कधीच दिसत नव्हतं. माहरुखनं काही मिसळलं नाही. तिनं सांगितलं होतं, मीच हिरवा उचलला. सगळी जाफरानी आहेत, साठच्या साठ, मोर्दादच्या शेवटाला. पाणी माझं घ्या. — हो, ओट्यासमोर सांगतो. जिथे ते बोललो तिथेच. आज. सगळ्यांसमोर. — आणि शहरिवरला तुमच्या झाडांना मी हात लावणार नाही, ठीक आहे, तेही ठीक आहे. ही सुरी. घ्या. माहरुख आली तर तिला द्या, मूठ जरा सैल झालीय म्हणावं.

काय म्हणाल्या त्या, ऐकलंस ना रे अलीमर्दान? मशीन गाडीत घाल. माझं तोंड काय बघतोस? आणि हे दोन धागे घेऊन जा. बेनला, भट्टीवर, तिच्या हातात दे. बोलू काही नकोस. फक्त थांब जरा, गाठ मारून देतो. खानम, सांगा की... हा? हा तांबडा? बरं.

ह्याला एक.